वीज गेल्यावर हिशेब कुठे जातो?

व्यापारी घरात वही ही केवळ हिशेबाची वस्तू कधीच नव्हती. दिवाळीत तिचे पूजन होते, पहिल्या पानावर कुंकवाने ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते आणि जुन्या वह्या लाल कापडात बांधून, माळ्यावर का होईना, पण जपून ठेवल्या जातात. कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे हे त्या वहीत असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पेढीचा शब्द त्या वहीत असतो. गेल्या काही दशकांत ही वही कागदावरून उतरली आणि तळहातावर मावेल अशा एका डबीत जाऊन बसली. जागा वाचली, वेळ वाचला, बेरजा चुकेनाशा झाल्या. परंतु कागदाची वही दिवे गेल्यावरही वहीच राहत असे. ही नवी वही विजेवर जगते, आणि वीज अकस्मात गेली की कधी कधी ती स्वतःच हरवते.

ती का हरवते, हरवलेली परत कशी मिळवतात आणि मुळात हरवू नये म्हणून पेढीवर व घरी काय करावे, याचा विचार या लेखात करू. विषय यंत्राचा असला तरी तो समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. रोजकीर्द आणि खतावणी ज्याला ठाऊक आहे, त्याला यातील अर्धे आधीच ठाऊक आहे.

कात्रजची ती रात्र

बुधवार, २५ सप्टेंबर २०१९ची रात्र दक्षिण पुण्यातील रहिवासी विसरलेले नाहीत. कात्रज परिसरात काही तासांत प्रचंड पाऊस झाला आणि कात्रजकडून शहराकडे वाहणारा आंबील ओढा पात्र सोडून वस्त्यांत शिरला. हे पाणी पुण्याला नवे नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले गेले होते. त्याच बाजूच्या ओढ्याने त्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत भिंती पाडल्या आणि उभी वाहने वाहून नेली. पुणे शहर व जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली.

जीव गेलेल्यांच्या दुःखापुढे कागदपत्रांची हानी ही बोलण्याची गोष्ट नव्हे. परंतु जे वाचले त्यांना दुसऱ्या दिवशीपासून संसार आणि व्यवसाय पुन्हा उभा करायचा होता, आणि अशा वेळी तळमजल्यावरच्या दुकानातील भिजलेला संगणक हा मोठाच प्रश्न होऊन बसतो. माल गेला तर विमा असतो, ओळखीचा घाऊक व्यापारी उधारीवर माल देतो. पण कोणाकडे किती येणे आहे, हेच जर गेले तर मागायचे कोणाकडे आणि कशाच्या आधारावर?

असा प्रसंग येण्यास पूरच लागतो असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला; लोकल गाड्या जागीच थांबल्या आणि ऐन कामाच्या वेळी असंख्य संगणक एका क्षणात बंद पडले. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एखाद्या गोदामात हेच रोहित्र बिघडल्याने किंवा खोदकामात भूमिगत तार तुटल्याने घडते. महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते तेव्हा आधी सूचना देते. धोका असतो तो न सांगता जाणाऱ्या, आणि त्याहून अधिक जाऊन-येऊन करणाऱ्या विजेचा.

एका आवर्तनाचा अवधी

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करीत येते. एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. संगणकाच्या वीजपेटीत जी साठवण असते ती पूर्ण भार असताना साधारण तेवढाच वेळ, म्हणजे एखादे आवर्तन, तग धरते. दिवा नुसता लुकलुकला तरी संगणक कधी चालू राहतो आणि कधी बंद पडतो, त्याचे कारण हेच. त्यापलीकडे वीज गेली की ज्या क्षणी जे काम चालले असेल ते तिथेच थांबते. मुनिमाचा हात धरून लेखणी काढून घ्यावी तसे.

दुसरा धोका वीज परत येते तेव्हा असतो. वीज परतताना परिसरातील असंख्य पंखे, पंप आणि वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होतात, दाब खालीवर होतो आणि कधी क्षणभर फार वाढतो. हार्ड डिस्कच्या पट्टीवरील विद्युतभाग जळतात ते बहुधा अशा झटक्यात. म्हणूनच वीज गेल्याबरोबर संगणकाचे बटण बंद करून, शक्य तर प्लग काढून ठेवावा आणि पुरवठा स्थिर झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच तो लावावा, हा साधा नियम फार उपयोगी पडतो.

कच्ची नोंद, रोजकीर्द आणि खतावणी

आपण बिल टाइप करून ‘सेव्ह’ केले म्हणजे ते डिस्कवर कायमचे लिहिले गेले, असा समज असतो. प्रत्यक्षात तसे नसते. संगणक वेग राखण्यासाठी नोंद प्रथम तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. डिस्कमध्येही अशीच एक लहान तात्पुरती स्मृती असते. तेथून सवडीने नोंद पक्की होते. जुन्या पेढीवर गर्दीच्या वेळी कच्च्या कागदावर टिपून ठेवत आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर वहीत उतरवत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की वीज गेली तर हा कच्चा कागद मागे राहत नाही. त्यात जे होते ते कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही, कारण ते कुठे लिहिलेच गेले नव्हते.

त्याहून गुंतागुंतीची हानी अर्धवट लेखनाची. जमेची बाजू लिहिली आणि नावेची लिहायची राहिली तर ताळेबंद जुळत नाही. डिस्कवरही तसेच होते. फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि तो कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका दुसऱ्या जागी. एक लिहिले गेले आणि दुसरे राहिले की मजकूर असूनही सापडत नाही, किंवा अनुक्रमणिका एका पानाकडे बोट दाखवते आणि तेथे भलतेच काही असते.

यावर संगणकशास्त्राने जो उपाय काढला तो व्यापाऱ्याला परका वाटू नये. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या रचनेत, आणि पुढे लिनक्सच्या रचनांतही, एक ‘जर्नल’ ठेवले जाते. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्दच. कोणताही बदल करण्यापूर्वी तो आधी रोजकीर्दीत टिपायचा आणि मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना संगणक रोजकीर्द वाचतो, पूर्ण झालेल्या नोंदी खतावणीत चढवतो आणि अर्धवट राहिलेल्या सोडून देतो. वीज जाऊनही बहुतेक वेळा आपला संगणक निमूटपणे सुरू होतो, याचे श्रेय या व्यवस्थेला.

तिची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. एनटीएफएसची रोजकीर्द अनुक्रमणिका सांभाळते. फाइलमधला मजकूर पूर्ण उतरला याची हमी ती देत नाही. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर तर बहुधा अशी रोजकीर्द नसतेच. हिशेबाचे सॉफ्टवेअर थेट पेन ड्राइव्हवरून चालवणे म्हणूनच धोक्याचे.

चकती आणि चिप

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे टोक त्यांच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती सूक्ष्म आहे ते कळेल. वीज गेली की फिरत्या चकत्यांच्या गतीतूनच थोडी वीज निर्माण करून हे टोक सुरक्षित जागी नेण्याची सोय आजच्या डिस्कमध्ये असते. बहुधा ती काम करते. वारंवार वीज जात असेल, किंवा त्याच क्षणी धक्का बसला असेल, तर टोक चकतीला घासू शकते. मग डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा ठरावीक आवाज येऊ लागतो. तो ऐकू आल्यावर डिस्क चालू ठेवली तर प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडला जाण्याची शक्यता असते.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून ती अधिक सुरक्षित असा सार्वत्रिक समज आहे. धक्क्याच्या बाबतीत तो खरा आहे, विजेच्या बाबतीत नाही. एसएसडी आपला मजकूर सतत जागा बदलून ठेवते आणि कोणता मजकूर सध्या कोणत्या चिपमध्ये आहे याचा एक नकाशा बाळगते. तो नकाशा अद्ययावत होत असताना वीज गेली तर संपूर्ण ड्राइव्ह ओळखू येईनाशी होऊ शकते. शिवाय एकाच कोशात दोन-तीन अंक ठेवण्याच्या पद्धतीमुळे नवे लिहिताना वीज गेल्यास आधी लिहून झालेले जुनेही बिघडू शकते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१३ साली पाच उत्पादकांच्या १५ एसएसडींवर मुद्दाम वीज तोडून प्रयोग केले, तेव्हा त्यांतील १३ ड्राइव्हमध्ये कोणता ना कोणता दोष आढळला. मोठ्या सर्व्हरसाठीच्या एसएसडीमध्ये अशा क्षणासाठी वीज साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती वापराच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये ते बहुधा नसतात. पेढीच्या मुख्य संगणकासाठी खरेदी करताना ही एक गोष्ट आवर्जून विचारावी.

पहिला तास

वीज परत आली, संगणक सुरू केला आणि डिस्क दिसत नाही किंवा कंपनीची फाइल उघडत नाही. अशा वेळी पुढच्या एका तासात आपण काय करतो यावर बरेचसे अवलंबून असते. घाईने केलेला उपाय मूळ अपघातापेक्षा अधिक नुकसान करतो.

पहिली गोष्ट, थांबावे. त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. हरवलेल्या फाइलची जागा संगणकाच्या दृष्टीने मोकळी असते आणि आपण नवे बिल केले, एखादा कार्यक्रम बसवला, तर तो नेमका त्याच जागेवर जाऊन बसू शकतो. डेटा परत मिळवणारे सॉफ्टवेअर उतरवून त्याच डिस्कवर बसवणे हा तर विहिरीत पडलेला दागिना शोधताना वरून माती लोटण्याचा प्रकार.

दुसरी गोष्ट, पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणावे. डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञाही लगेच चालवू नये. ती आज्ञा अनुक्रमणिका जुळवण्यासाठी मूळ डिस्कवरच बदल करते आणि न जुळणारे तुकडे वेगळे काढून टाकते. डिस्क निरोगी असेल तर हे चालते. आजारी डिस्कवर हाच श्रम शेवटचा ठरू शकतो.

तिसरी गोष्ट, कान द्यावा. टक्-टक् आवाज, घासल्याचा आवाज, जळका वास यांपैकी काहीही असेल तर वीज तोडावी आणि पुन्हा लावून पाहू नये. डिस्क उघडू नये; खोलीतील धुळीचा एक कणही त्या नॅनोमीटरच्या फटीपुढे डोंगराएवढा असतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगाही करू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते.

आवाज येत नसेल तर साध्या शक्यता आधी तपासाव्यात. केबल सैल आहे का, वीजपेटीच मेली आहे का, डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली तर दिसते का? पुष्कळदा दोष डिस्कमध्ये नसतोच. एसएसडी दिसत नसेल तर काही उत्पादक सुचवतात त्याप्रमाणे तिला अर्धा तास केवळ वीज देऊन, माहितीची तार न जोडता ठेवावे. त्या अवधीत तिला आपला नकाशा पुन्हा रचता येतो आणि काही ड्राइव्ह त्यानंतर ओळखू येतात.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या डिस्कचा नियम वेगळा आहे. तिला वीज देऊ नये, उन्हात किंवा तांदळात सुकवू नये. गाळ चकतीवर वाळून घट्ट बसला की तो निघत नाही. ओलसर स्थितीतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावी. भिजली म्हणून फेकून देऊ नये. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीकडे परतताना भंगले. त्यातील एक जळकी हार्ड डिस्क टेक्सासमध्ये कोरड्या तलावाच्या तळाशी सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. कल्पना चावला ज्या यानात होत्या तेच हे यान. इतक्या उंचीवरून पडलेल्या डिस्कमधून मजकूर मिळू शकतो, तर कात्रजच्या गाळातल्या डिस्कची आशा का सोडावी?

तज्ज्ञ काय करतो

चांगला तज्ज्ञ मूळ डिस्कवर काम करीत नाही. तो प्रथम तिची अक्षरशः कणाकणाने दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेतो. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे विनामूल्य साधन जगभर वापरले जाते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, वाचता न आलेल्या जागांची यादी ठेवते आणि अवघड जागांकडे शेवटी वळते. आजारी डिस्क कोणत्याही क्षणी कायमची थांबेल, म्हणून जे सोपे ते आधी, हा त्यामागचा व्यवहार. नक्कल हाती आली की दुरुस्तीचे सारे प्रयोग नकलेवर. अनुक्रमणिका हरवली असेल तर ‘टेस्टडिस्क’ सारख्या साधनाने ती पुन्हा उभारता येते. तेही जमले नाही तर ‘फोटोरेक’ सारखी साधने फाइलच्या आरंभीच्या ठरावीक खुणेवरून छायाचित्रे आणि कागदपत्रे ओळखून बाहेर काढतात. मजकूर मिळतो, परंतु नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फाइली डोळ्यांनी पाहून लावाव्या लागतात.

विद्युतपट्टी जळाली असेल तर तशीच दुसरी पट्टी लावावी, असे कोणी सुचवतो. आजच्या डिस्कमध्ये हे सहसा चालत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी त्या पट्टीवरील एका चिपमध्ये असते आणि ती चिप नव्या पट्टीवर काळजीपूर्वक हलवावी लागते. टोके बदलण्याचे काम तर धूळविरहित जागेतच होते.

एसएसडीच्या बाबतीत आशा थोडी कमी ठेवावी. पुसलेला मजकूर ती स्वतःच पार्श्वभूमीवर झाडून टाकते. आजकाल बऱ्याच संगणकांत डिस्क कुलूपबंद करण्याची सोय आपोआप चालू असते. तिची किल्ली आपल्यापाशी नसेल तर तज्ज्ञाला डिस्क सापडूनही मजकूर वाचता येत नाही. ही किल्ली आजच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

काम देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: तपासणीचे शुल्क किती, मजकूर न मिळाल्यास पैसे लागतात का, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्यापूर्वी दाखवतील का, आणि मजकूर गुप्त ठेवून काम संपल्यावर नक्कल नष्ट करतील का. पेढीच्या डिस्कमध्ये ग्राहकांचे पत्ते, बँकेची खाती आणि घरातील छायाचित्रे असतात. ती कोणाच्या हाती देतो हे पाहणे हासुद्धा ग्राहकांच्या विश्वासाचाच भाग आहे.

हिशेब पुन्हा उभारणे

डिस्कमधून काहीच मिळाले नाही, तरी व्यापार संपत नाही. आज आपल्या हिशेबाच्या अनेक छाया बाहेर पडलेल्या असतात. जीएसटी पोर्टलवर आपण भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत ग्राहकांची बिले क्रमांकासह असतात. जीएसटीआर-२बी मध्ये आपल्या पुरवठादारांची बिले दिसतात. ई-वे बिले, बँकेचे उतारे, सनदी लेखापालांकडील मागील ताळेबंद, ग्राहकांना व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवलेली बिले, हे सारे एकत्र करून घाऊक व्यापाऱ्याला आपली वही बऱ्याच अंशी पुन्हा लिहिता येते. मोठे ग्राहक मागितल्यास आपल्या खात्याचा उतारा देतात.

जे परत येत नाही तेही जाणून घ्यावे. किरकोळ विक्री विवरणपत्रात एकत्रित आकड्यात जाते, बिलवार नाही. तोंडी उधारी, रोख व्यवहार, गोदामातील मालाची बारकाईची नोंद यांची बाहेर कुठेही छाया नसते. ज्या पेढीचा भर उधारीवर आहे तिने आठवड्यातून एकदा येणे-देणे यादी कागदावर छापून ठेवली, तर दहा रुपयांच्या कागदाने दहा लाखांचे वाद टळतात.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडलेला डेटा दुरुस्त करण्याची सोय असते. ती उपयुक्त आहे, पण दुरुस्तीत न जुळणाऱ्या नोंदी गळू शकतात. म्हणून आधी संपूर्ण डेटा फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, दुरुस्ती नकलेवर करावी आणि मग शेवटचा तेरीज ताळा व बँक शिल्लक ताडून पाहावी.

कायदाही या बाबतीत मोकळा सोडत नाही. जीएसटीखाली हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि ते संगणकावर असतील तर नष्ट झाल्यास परत आणता येतील असा बॅकअप ठेवणे नियमानेच अपेक्षित आहे. कंपन्यांना हिशेब आठ वर्षे ठेवावे लागतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेणे बंधनकारक आहे. ‘वीज गेली आणि सगळे गेले’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे टिकत नाही.

आपल्या परंपरेचा धडा

कात्रजच्या टेकडीवर आगम मंदिर आहे. तेथे दर्शनास जाणाऱ्याला हा विषय नवा वाटू नये, कारण मजकूर हरवण्याचे दुःख आणि तो जपण्याचा ध्यास ही आपल्या समाजाची फार जुनी ओळख आहे. श्वेतांबर परंपरेनुसार दीर्घ दुष्काळांत श्रुतधर साधू दिवंगत होऊ लागले, कंठस्थ आगम विस्मृतीत जाऊ लागले आणि दृष्टिवाद हे बारावे अंग लुप्त झाले. पुढे वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी (दुसऱ्या मतानुसार ९९३ व्या) देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वल्लभी येथे उरलेले आगम लिहून काढले गेले. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेनांनी आपल्याबरोबर ज्ञान संपू नये म्हणून पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना ते दिले, आणि त्यातून षट्खंडागम लिहिले गेले.

लिहिल्यानेही प्रश्न सुटला नाही. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री या एकाच गावी ताडपत्रांवर होती. एक आग, एक वाळवी पुरली असती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद पानाचंद झवेरी यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि या ग्रंथांच्या नकला होऊ लागल्या. १९३९ पासून अमरावतीस प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली ते छापून प्रसिद्ध झाले. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ते ताम्रपटांवर कोरले गेले आणि फलटणला जतन झाले. पालिताण्याच्या आगम मंदिरात आगम संगमरवरावर आहेत, सुरतेत ताम्रपत्रांवर. अनेक प्रती, वेगवेगळी माध्यमे, वेगवेगळी गावे: संगणकतज्ज्ञ आज जो नियम शिकवतात तो आपल्या पूर्वजांनी आचरून दाखवला आहे.

पेढीसाठी आणि घरासाठी

तो नियम तीन-दोन-एक या नावाने ओळखला जातो. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. दुकानाचा संगणक, घरी असलेली बाह्य हार्ड डिस्क आणि क्लाउड, एवढ्याने हे साधते. बाह्य डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर विजेचा झटका किंवा खंडणी मागणारा व्हायरस दोन्ही प्रती एकदम नेतो. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड व्यवस्था चांगली असली तरी ती बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद तीही दोन्हीकडून तत्परतेने पुसते.

संगणकाला यूपीएस हवाच. घराचा इन्व्हर्टर पुरतो असे समजू नये. तो साध्या स्थितीत वीज बदलायला जास्त वेळ घेतो. त्यावर यूपीएस स्थितीचे बटण असेल तर ते लावावे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, म्हणून सहा महिन्यांतून एकदा काम बंद ठेवून, प्लग काढून ती किती मिनिटे टिकते ते पाहावे. यूपीएसवर काम सुरूच ठेवायचे नसते. फाइली नीट बंद करण्यापुरताच तो अवधी असतो. तळमजल्यावर दुकान असेल तर संगणक आणि यूपीएस जमिनीपासून उंच ठेवावेत. जुना मजकूर भरून कपाटात ठेवलेल्या एसएसडीवर विसंबू नये. उद्योगाच्या मानकानुसार पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्षच मजकूर धरून ठेवणे अपेक्षित असते.

आणि शेवटी, बॅकअप घेतला म्हणजे तो आहे असे नव्हे. तो उघडून पाहावा लागतो. यासाठी वर्षातील दिवस आपल्याकडे ठरलेलाच आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीस, पावसाळ्यातील दमट हवा ओसरल्यावर ग्रंथभांडारातील पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, वाळवी लागली का पाहायचे आणि नव्या वस्त्रात बांधायच्या, ही रीत आहे. ज्यांच्याकडे ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी पाळतात त्यांच्याकडेही शास्त्रांची अशीच निगा राखली जाते. ज्ञानपंचमी हीच लाभपंचमी, दिवाळीनंतर अनेक पेढ्या याच दिवशी उघडतात. पूजेनंतर पंधरा मिनिटे काढून घरातील मुलांना सोबत बसवावे, बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि गेल्या वर्षीचे एखादे बिल, आजोबांच्या आवाजातील एखादे स्तवन, पारण्याचे एखादे छायाचित्र उघडते का ते पाहावे. उघडले तर डिस्क परत बांधून ठेवावी. उघडले नाही तर मूळ प्रत अजून हाताशी असतानाच ते कळलेले असेल, आणि त्याच दिवशी नवी प्रत करता येईल.